तुतीच्या झाडाखालचा शिष्य

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात सँत कोलोंब या नावाचा एक थोर वादक होऊन गेला. त्याच्याकडे मारँ मारे नावाचा तरुण शिकण्यास आला. सहा महिने लोटले, आणि हा शिष्य आपल्याही पुढे जाईल असे गुरूच्या ध्यानात आले. ‘आता तुला शिकवण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नाही,’ अशा अर्थाचे काही सांगून त्याने शिष्याला निरोप दिला. पण गुरूचा एक परिपाठ शिष्याला ठाऊक होता. उन्हाळ्यात सँत कोलोंब आपल्या बागेतील तुतीच्या झाडावर बांधलेल्या फळ्यांच्या खोपीत बसून एकान्तात रियाज करीत असे. मारे गुपचूप त्या खोपीखाली जाऊन बसू लागला आणि जे शिकवले गेले नव्हते ते ऐकून उचलू लागला. पुढे गुरूच्या हे लक्षात आले आणि तो सावध झाला. तितों द्यू तिए या ग्रंथकाराने १७३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रेंच पर्नासस’ या चरित्रकोशात ही हकीगत नोंदवली आहे.

या अर्ध्या पानाच्या हकीगतीवरून पास्काल किन्यार यांनी १९९१ मध्ये एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘जगातल्या साऱ्या सकाळी’ असा होतो. त्याच वर्षी आलँ कोर्नो यांचा त्याच नावाचा चित्रपट आला. पटकथा कोर्नो आणि किन्यार यांनी मिळून लिहिली होती. १९९२ मध्ये चित्रपटाला फ्रान्सचे सात सेझार पुरस्कार मिळाले आणि जे वाद्य केवळ जाणकारांपुरते उरले होते ते घरोघर पोहोचले. कादंबरी आणि चित्रपट या दोहोंविषयी आम्हाला येथे लिहावयाचे आहे. कलाकृती म्हणून दोन्हींची योग्यता मोठी आहे यात शंका नाही. परंतु विद्या कशी टिकते आणि कशी बुडते याविषयी कादंबरी जे सुचवते ते आम्हाला मान्य नाही. मूळ प्रांतापासून दूर राहून पिढ्यान्‌पिढ्या भाषा आणि कला सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना हा प्रश्न परका वाटू नये.

प्रथम वाद्याविषयी. या वाद्यकुलाला फ्रेंचमध्ये ‘व्हिओल’ म्हणतात. त्याचे इटालियन नाव ‘व्हिओला दा गाम्बा’, म्हणजे पायांशी धरावयाची व्हिओला. व्हायोलिनचे हे पूर्वज होय असा समज आपल्याकडे आणि युरोपातही पुष्कळदा आढळतो, पण तो बरोबर नाही. ही दोन निराळी कुळे असून ती अडीचशेहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदली. व्हिओलचा जन्म पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या पूर्व भागात झाला. छेडून वाजवण्याच्या विहुएला या वाद्याच्या घडणीला गजाची जोड मिळाली आणि हे वाद्य सिद्ध झाले. तेथून ते इटलीत गेले आणि तेथून सर्व युरोपभर पसरले. त्याला बहुधा सहा तारा असतात आणि मानेवर आतड्याच्या दोरीचे बांधलेले पडदे असतात. गजही असून पडदेही असण्याची ही रीत आपल्याकडच्या दिलरुब्यात दिसते. व्हिओलची पाठ सपाट, खांदे उतरते आणि लाकूड पातळ असते. वाद्य लहान असो वा मोठे, वादक बसून ते मांड्यांवर किंवा गुडघ्यांमध्ये उभे धरतो. गज धरताना तळहात वर असतो आणि बोटाने गजाच्या केसांवर कमीजास्त दाब देता येतो. स्वराची नाजूक चढउतार या दाबावर अवलंबून असते.

हे वाद्य कोणाच्या हातात होते हेही महत्त्वाचे आहे. १५५६ मध्ये लियों येथे प्रसिद्ध झालेल्या फिलिबेर जांब द फेर यांच्या पुस्तिकेत म्हटले आहे की, व्हिओल हे सद्‌गृहस्थ, व्यापारी आणि इतर सुशील माणसे यांच्या मनोविनोदाचे वाद्य, तर व्हायोलिन नाचाच्या साथीचे आणि त्यावर पोट भरणाऱ्यांचे. इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत लहानमोठ्या व्हिओलांचा संच एका पेटीत ठेवलेला असे आणि घरची मंडळी व पाहुणे मिळून वाजवीत. म्हणजे हे मुळात बैठकीचे, घरगुती वाद्य. दूरवर ऐकू जावे अशी त्याची घडणच नव्हती.

आता कादंबरीकडे वळू. १६५० च्या वसंतात सँत कोलोंबची पत्नी मरण पावते आणि तेथून कथा सुरू होते. मागे दोन लहान मुली, मादलेन आणि तोआनेत. हा मनुष्य जगाकडे पाठ फिरवतो, बागेत तुतीच्या झाडावर खोपी बांधतो आणि तेथे दिवसचे दिवस वाजवीत बसतो. वाद्याला मंद्रात सातवी तार जोडतो. त्याच्या वादनाने मृत पत्नी त्याला येऊन भेटते. राजाचे बोलावणे येते, ते तो रागाने झिडकारतो. पुढे मारे येतो. तो चांभाराचा मुलगा. चर्चच्या गायकवृंदात गात असे, पण वयात येताना आवाज फुटल्यामुळे तेथून काढून टाकलेला. गुरू त्याला ठेवून घेतो ते त्याच्या कौशल्याकडे पाहून नव्हे, तर त्याच्या फुटलेल्या आवाजातील दुःखाकडे पाहून. मारे राजापुढे वाजवून येतो तेव्हा गुरू त्याचे वाद्य आपटून फोडतो आणि त्याला घालवून देतो. थोरली मुलगी मादलेन त्याच्यावर प्रेम करते, वडिलांनी शिकवलेले सर्व त्याला शिकवते, खोपीखाली लपून ऐकण्यात त्याची सोबत करते. मारे तिला सोडून जातो. ती खंगत जाते आणि अखेर गळफास घेते. पुष्कळ वर्षांनी, गुरूच्या रचना त्याच्याबरोबर नाहीशा होतील या धास्तीने मारे पुन्हा रात्री-अपरात्री त्या खोपीपाशी येऊ लागतो. शेवटी एका थंडीच्या रात्री दार उघडते, दोघे बोलतात आणि मिळून वाजवतात.

किन्यार यांचे गद्य अत्यंत संयत आहे. सत्तावीस लहान प्रकरणे, तोकडी वाक्ये आणि भावनेचा उच्चार जवळजवळ नाही. संगीताविषयी लिहिताना लेखक बहुधा उपमांच्या आहारी जातात. किन्यार तसे करीत नाहीत. ते वस्तू दाखवतात. टेबलावरची वाईनची सुरई, ताटलीतील पातळ बिस्किटे, थंडीने गारठलेली बोटे, गजाचा आवाज. लुबँ बोजँ या चित्रकाराचे त्या बिस्किटांचे चित्र आज लूव्हर संग्रहालयात आहे. कादंबरीत ते चित्र सँत कोलोंबच्या सांगण्यावरून काढले जाते. ज्या वादकाचे चरित्र जवळजवळ अज्ञात आहे त्याला असे हाडामांसाचे करणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही आमचा आक्षेप आहे. कादंबरीची नैतिक मांडणी सरळ दोन बाजूंची आहे. एकीकडे खोपी, एकान्त, दुःख आणि खरे संगीत. दुसरीकडे दरबार, कीर्ती, छापील वह्या आणि नुसते कौशल्य. छापण्यासही नकार देणारा गुरू खरा कलावंत, आणि पाच संग्रह छापणारा शिष्य जणू अपराधी. वाचताना ही मांडणी मनाला मोहवते. आपल्याकडेही वैरागी गवयाच्या गोष्टी आपण अशाच भक्तिभावाने सांगतो. पण इतिहास तिला दुजोरा देत नाही.

सँत कोलोंब असा सर्वसंगपरित्यागी नव्हता. तितोंच्याच नोंदीप्रमाणे तो आपल्या दोन मुलींसह घरी मैफली करीत असे आणि लोक त्या आवडीने ऐकत. त्याला मारेखेरीज इतरही शिष्य होते. त्यांपैकी जां रूसो याने १६८७ मध्ये व्हिओलवादनावर ग्रंथ लिहिला तो छापला आणि गुरूलाच अर्पण केला. सातवी तार सँत कोलोंबने जोडली हे आपल्याला कळते ते याच छापील ग्रंथामुळे. शिष्याच्या हेव्याची गोष्ट सांगणाऱ्या तितोंनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. मारेच्या वादनाविषयी कोणी विचारले असता सँत कोलोंब म्हणाला की, काही शिष्य गुरूच्या पुढे जाऊ शकतात, पण मारेच्या पुढे जाणारा शिष्य मारेला कधी मिळणार नाही. हेवा आणि औदार्य एकाच माणसात असणे हे मानवी आहे. कादंबरीतला सँत कोलोंब मात्र शिष्याला घालवतो तो हेव्याने नव्हे, तत्त्वासाठी. त्यामुळे तो अधिक उंच होतो, पण कमी खरा होतो.

मारेची बाजूही तपासली पाहिजे. त्याचे व्हिओलसाठीचे पाच संग्रह १६८६, १७०१, १७११, १७१७ आणि १७२५ या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांत नुसते स्वर नाहीत. बोटे कोठे ठेवावीत, गज कोणत्या दिशेने ओढावा, स्वर कोठे आंदोलित करावा यासाठी त्याने खुणा योजल्या आणि त्या समजावून सांगितल्या. स्वतःच्या हातातली विद्या अनोळखी माणसालाही मिळावी अशी खटपट त्यात दिसते. १७०१ च्या संग्रहात ‘सँत कोलोंब यांच्यासाठी समाधी’ ही रचना आहे. ज्या गुरूने दार लावून घेतले त्याच्या मृत्यूनंतर शिष्याने वाहिलेली ही श्रद्धांजली आहे. ती छापली गेली नसती तर मारेच्या मनात गुरूविषयी काय होते हे आपल्याला कसे कळले असते?

आमच्या मते कादंबरीच्या तत्त्वज्ञानाला सर्वांत मोठे उत्तर खुद्द सँत कोलोंबच्या संगीतात आहे. त्याच्या ६७ रचनांचे एक हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यांचे शीर्षक ‘दोन समान व्हिओलांसाठी’ अशा अर्थाचे आहे. एक मुख्य आणि दुसरी साथीची असा भेद तेथे नाही. एकीने म्हटलेले दुसरी उचलते, परतवते, पुढे नेते. म्हणजे ज्याला कादंबरी एकान्ताचा उपासक ठरवते त्याने रचलेले हे संगीत एकट्याला वाजवताच येत नाही. त्याला बरोबरीचा दुसरा माणूस लागतो. किन्यार यांना हे उमगलेले नाही असे नाही. शेवटच्या रात्री दोघे मिळून वाजवतात तेव्हा कथा आपल्याच सिद्धान्ताच्या पलीकडे जाते. आम्हाला कादंबरीचे ते प्रकरण सर्वश्रेष्ठ वाटते.

दुसरा आक्षेप मादलेनविषयी. थोडे थांबून पाहिले तर कादंबरीत विद्येचे वहन करते ती हीच. गुरूने शिष्याला घालवल्यावर बापाची विद्या मारेपर्यंत पोहोचवली ती तिने. तिला सर्व काही येत होते. तरीही तिच्याकडे वारसदार म्हणून ना बाप पाहतो, ना प्रियकर, आणि खेदाची गोष्ट अशी की लेखकही पाहत नाही. तिचे काम विद्या देणे आणि मग मरणे एवढेच उरते. गुरूची रचना त्याच्याबरोबर जाईल म्हणून मारे तळमळतो, पण मादलेनबरोबर काय गेले हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सँत कोलोंबच्या मुली वाजवीत असत ही इतिहासातील नोंद आहे, म्हणून ही उणीव अधिक बोचते. आपल्या घरांत परमुलखात जी भाषा टिकली ती दरबारी दफ्तरांमुळे जेवढी टिकली त्याहून अधिक माजघरातील ओव्यांमुळे, आरत्यांमुळे आणि सणावारांच्या गाण्यांमुळे टिकली. त्यांतील किती ओव्या म्हणणारीबरोबर गेल्या याचा हिशेब आपणही ठेवलेला नाही. तेव्हा हा दोष किन्यार यांच्या एकट्यांचा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

चित्रपटाने मूळ कथेत एक बदल केला आणि आमच्या मते तो हिताचा ठरला. सारी कथा वृद्ध मारे आठवणीतून सांगतो. दरबारात शिष्यांचा वर्ग चालू आहे, मारे खुर्चीत बसला आहे, कॅमेरा त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावरून दीर्घ काळ हलत नाही. तो शिष्यांना थांबवतो आणि आपल्या गुरूची गोष्ट सांगू लागतो. जेरार दपार्द्यू यांनी हा वृद्ध मारे साकारला आहे, तर त्यांचे पुत्र गियोम यांनी तरुण मारे. या रचनेमुळे कथा आपोआप वर्गातला पाठ होते. ज्याला कादंबरी विद्येचा लोभी म्हणून रंगवते तोच येथे विद्या देताना दिसतो, आणि आपला अपराधही त्या पाठातून वगळत नाही. अखेरीस सँत कोलोंब छायारूपाने येतो आणि आपण त्याला शिकवले याचा अभिमान वाटतो असे सांगतो. तितोंच्या नोंदीतले ते औदार्य पडद्यावर असे परत येते. जां-पिएर मारिएल यांचा दगडासारखा कठोर चेहरा तेथे किंचित सैल होतो. संगीत जोर्दी सावाल यांचे आहे, आणि चित्रपटाचे अर्धे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

लपून ऐकणाऱ्या शिष्याची गोष्ट ग्वाल्हेरच्या मंडळींना ओळखीची वाटली असेल. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ यांची तानबाजी हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी पडद्याआडून ऐकून आत्मसात केली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे वासुदेवबुवा जोशी आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याद्वारे हीच ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली. म्हणजे आज जी परंपरा आपण पवित्र मानतो तिच्या मुळाशीही न दिलेले घेणे आहेच. त्यात कोणाचा अन्याय झाला असेल, पण विद्या वाचली हेही खरे. लपून ऐकण्याची पाळीच शिष्यावर येऊ नये म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यास गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाने शिकवले. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. भातखंड्यांनी घराण्यांतून मिळवलेल्या चिजा ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या तेव्हा, कागदावर गाणे उतरत नाही, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्या टीकेत तथ्य होते. पण पुस्तके नसती तर आज पुष्कळ चिजांची नावेही उरली नसती.

व्हिओलचे पुढे जे झाले त्यावरून दोन्ही पक्षांची सत्यता तपासता येते. मारे १७२८ मध्ये वारला. १७४० मध्ये युबेर ल ब्लाँ या वकिली बाण्याच्या लेखकाने व्हायोलिन आणि चेलो यांच्या आक्रमणाविरुद्ध व्हिओलचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. मारे देवदूतासारखा वाजवीत असे आणि फोर्करे सैतानासारखा, ही प्रसिद्ध तुलना तिच्यातलीच. पण युक्तिवादाने वाद्य टिकत नाही. संगीत दिवाणखान्यातून मोठ्या सभागृहात गेले, श्रोते वाढले आणि पातळ लाकडाचा नाजूक आवाज मागे पडला. बाखने आपल्या ‘मॅथ्यू पॅशन’मध्ये या वाद्याला जागा दिली होती, पण तो काळ सरत आला होता. १७८७ मध्ये लंडनला कार्ल फ्रीडरिश आबेल वारला आणि त्याच्याबरोबर या वाद्याचा शेवटचा मोठा वादक गेला असे मानतात. शंभराहून अधिक वर्षे गुरू-शिष्यांची साखळी जवळजवळ तुटलेली होती.

मग विसाव्या शतकात वाद्य परत आले. आर्नोल्ड डोल्मेच यांनी इंग्लंडमध्ये, औगुस्ट वेन्झिंगर यांनी बाझेलमध्ये आणि पुढे त्यांचे शिष्य सावाल यांनी ते पुन्हा वाजते केले. कशाच्या आधारावर? संग्रहालयांतील वाद्ये, मारेच्या छापील खुणा, रूसोचा ग्रंथ आणि सँत कोलोंबचे हस्तलिखित यांच्या. ज्याला कादंबरी गौण मानते त्या कागदानेच हे घडवले. पण कागद पुरा पडला नाही हेही मान्य केले पाहिजे. बोटाचा दाब किती, स्वर किती लांबवावा, कोठे श्वास घ्यावा, हे सावाल यांना वर्षानुवर्षांच्या रियाजाने पुन्हा शोधावे लागले. ते मारेच्या काळी तसेच होते की नाही हे सांगण्यास कोणी उरलेले नाही.

आपल्या सारंगीची स्थिती नेमकी उलटी आहे. तेथे हातांची साखळी तुटलेली नाही, पण कागद मात्र थोडा. इंदूरचे अमीर खाँ यांचे वडील शहामीर खाँ होळकरांच्या पदरी सारंगिये होते आणि अमीर खाँसाहेबांचे आरंभीचे शिक्षणही सारंगीवर झाले. पुढे पेटीने साथीतील तिची जागा घेतली. पंडित रामनारायण यांनी तिला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. ते २०२४ मध्ये निवर्तले. आज सारंगी वाजवणारे आहेत, पण थोडे आहेत, आणि त्यांच्यातील प्रत्येकाच्या हातात जे आहे ते कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून खोपी की दरबार, हा किन्यार यांनी उभा केलेला प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. सँत कोलोंबपाशी जे होते ते मारेशिवाय बुडाले असते, आणि मारेने जे छापले ते सावाल यांच्यासारखा हात मिळेपर्यंत मुके राहिले. देणारा, लिहिणारा आणि पुन्हा वाजवणारा असे तिघेही लागतात. कादंबरी पहिल्याची पूजा करते, चित्रपट दुसऱ्याला न्याय देतो, आणि तिसऱ्याचे काम आपण चित्रपटात कानांनी ऐकतो. कादंबरी वाचावी आणि चित्रपटही पाहावा, पण या क्रमाने. आणि नंतर आपल्या घरातील माळ्यावरची चिजांची वही काढून, तिच्यातल्या खुणा वाचू शकणारे वडीलधारे माणूस अजून गावात असेल तर त्यांच्याकडे घेऊन जावी. दार वाजवून जावे, झाडाखाली लपण्याची गरज पडू नये.